लो-प्रोफाइल शेजारी

आपल्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, हे पुण्या-मुंबईत दारावरच्या पाटीवरून कळतं. पाटी नसेल तर कुरिअरवाल्याकडून. सूर्यमालेचंही तसंच आहे, बॉस. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी. अंतर 4.24 प्रकाशवर्षं. आणि नुसत्या डोळ्यांनी तो दिसतच नाही! 1915 मध्ये जोहान्सबर्गच्या वेधशाळेत रॉबर्ट इनेस यांनी काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या फोटोप्लेट्स ताडून पाहिल्या, तेव्हा एक ठिपका जागचा हललेला सापडला. तोपर्यंत हे महाशय सोसायटीच्या यादीतच नव्हते.

कारण हा 'रेड ड्वार्फ', मराठीत लाल खुजा तारा. वस्तुमान सूर्याच्या जेमतेम 12 टक्के, ऊर्जा तर सुमारे 600 पट कमी. त्यातलीही बरीचशी इन्फ्रारेड, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या कामाची नाही. पण खरी गंमत पुढे आहे. सूर्य फक्त गाभ्यातला हायड्रोजन जाळतो आणि सुमारे 1000 कोटी वर्षांत त्याचं दुकान बंद. प्रॉक्झिमा मात्र पोटातलं सगळं सतत ढवळत राहतो, तळातलं वर, वरचं खाली. त्यामुळे जवळजवळ सगळा साठा कामी येतो आणि तो काही लाख कोटी वर्षं पुरतो. विश्वाचं वय आहे 1380 कोटी. म्हणजे आजवर एकही लाल खुजा म्हातारा होऊन मेलेला नाही. आकाशगंगेतले साधारण तीन-चतुर्थांश तारे याच जातीचे. रात्री आपण ज्यांना बघून 'वॉव' म्हणतो, ती उधळ्यांची मायनॉरिटी आहे.

काटकसरी म्हणून स्वभावाने गरीब समजू नका हं. याच्यावर अचानक जबरदस्त भडके उडतात. आपल्या 'अॅस्ट्रोसॅट'ने 2017 मध्ये चंद्रा आणि हबल या दुर्बिणींसोबत एकाच वेळी त्याच्यावर नजर ठेवली होती. अॅस्ट्रोसॅटवरची मऊ क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआरची. एवढी चौकशी कशासाठी? तर 2016 मध्ये या ताऱ्याभोवती साधारण पृथ्वीच्या वजनाचा ग्रह सापडला. त्याचं वर्ष 11 दिवसांचं, आणि अंतर असं की पाणी पातळ राहू शकेल. शेजारी असा भडकू असताना तिथली हवा टिकली असेल का, हा प्रश्न आहे.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यात. (जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये बदललं. या ताऱ्याचंही कधीतरी बदलावं लागेल. प्रॉक्झिमा म्हणजे सर्वांत जवळचा, आणि तीस-पस्तीस हजार वर्षांनी रॉस 248 नावाचा दुसरा लाल खुजा त्याच्याहून जवळ आलेला असेल.) तिथे माझा चुलत भाऊ असतो. 2020 मध्ये पुण्यातली नोकरी सोडून परत गेला, उस्मानाबादी शेळ्या पाळतो. लग्नकार्यात नातेवाईक माझ्या बायलाइनचं कौतुक करतात. त्याचा विषय निघाला की "गावाकडेच असतो" एवढंच, की लगेच पुढचा विषय. माझं क्रेडिट कार्ड दर महिन्याला रडतं आणि त्याच्या डोक्यावर एक रुपया कर्ज नाही, हे कुणी विचारत नाही. मीही सांगत नाही.

मागच्या मे महिन्यात माळवदावर बाज टाकून मी त्याला हे सगळं सांगितलं. मेच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला बघायचं. हात लांब करून मूठ क्षितिजावर ठेवायची. तिच्या किंचित वर दोन ठळक तारे शेजारी-शेजारी दिसतात. डावीकडचा 'मित्र', म्हणजे आल्फा सेंटॉरी. त्याच्या उजवीकडे खाली, चार पूर्णचंद्र मावतील एवढ्या अंतरावर प्रॉक्झिमा. जूनमध्ये ढग आले की संपलं.

"तो लाल?" भावाने विचारलं.

"ती पवनचक्की."

तो हसला. मग म्हणाला, "आणि आत्ता पोचतोय तो उजेड कधीचा?"

"चार वर्षं तीन महिन्यांपूर्वीचा."

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. "तेव्हा माझ्याकडं सहा शेळ्या होत्या," म्हणाला, आणि गोठ्यावरचा बल्ब बंद करायला खाली उतरला.