गाळाला घाई चालत नाही

तेरेखोलचा किल्ला जांभ्याच्या डोंगरावर उभा आहे. पायाखाली कातळ असल्यामुळे त्याला खचण्याची चिंता नाही. पण फेरीबोटीने केरीला उतरून खाडीकाठाने वर गेले, की कातळ संपतो आणि गाळ सुरू होतो. तिथल्याच खाजणात आमची थोडी शेती आहे.

आजोबा दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बांधावर चिखल चढवीत. "गेल्या वर्षीची माती खंय गेली?" असे मी लहानपणी विचारी. "बांद बसलो रे," एवढेच ते म्हणत.

या उत्तराचा अर्थ मला बेळगावला येऊन प्रयोगशाळेत कळला. चिकणमातीच्या कणांमध्ये पाणी कोंडलेले असते. वर वजन आले, की ते प्रथम या पाण्यावर पडते. पाणी हळूहळू झिरपून गेले, की भार कणांवर येतो आणि माती दबते. हे कन्सॉलिडेशन. त्याचे गणित कार्ल टर्झागी यांनी १९२५ साली मांडले. पाण्याला बाहेर पडायची वाट दुप्पट लांब झाली, तर वेळ चौपट लागतो. २ सेंटिमीटर जाडीचा नमुना २० मिनिटांत जेवढा बसतो, तेवढेच बसायला त्याच मातीच्या १० मीटर थराला सुमारे साडेनऊ वर्षे लागतील! पाण्याचा दाब ओसरल्यावरही कण एकमेकांवरून सरकत राहतात आणि माती आणखी थोडी थोडी दबत जाते. तो क्रीप.

विद्यार्थी मित्रहो, हे गणित आपण परीक्षेपुरते सोडवतो. आमच्या भागात एका पुलाच्या जोडरस्त्यावर बस दर वेळी आदळते. पूल खोल पायावर जागच्या जागी आहे, भराव मात्र बसला आहे. डांबराचा थर चढवून तो खड्डा बुजवतात. पण त्या थराचेही वजन पुन्हा गाळावरच पडते.

कोणी म्हणेल, "मग काय, लोकांनी पुलासाठी दहा वर्षे थांबायचे?" मुळीच नाही. गाळात ठरावीक अंतरावर उभे निचरे घातले, की पाण्याची वाट आखूड होते. वर जादा भराव टाकून काही महिने ठेवला, तर बरेचसे बसणे रस्ता होण्यापूर्वीच उरकते. न्हावा-शेवा बंदरात खाडीच्या मातीवर असे निचरे वापरले गेले आहेत. पण त्यासाठीही काही महिने द्यावेच लागतात, आणि उद्घाटनाची तारीख आधी ठरली, की नेमके तेच महिने कापले जातात.

पिसाच्या मनोऱ्याचे काम ११७३ साली सुरू झाले आणि काही मजल्यांनंतर सुमारे शंभर वर्षे बंद पडले. तेवढ्या काळात खालची माती घट्ट झाली, म्हणून मनोरा टिकला, असे तज्ज्ञ मानतात. त्यांचे थांबणे नाइलाजाचे होते. आपल्याला समजून-उमजून थांबता येते.

उद्या आपल्यापैकीच कोणीतरी अशा कामाच्या कागदांवर सही करील. तेव्हा साहेबांनी तारीख विचारली, तर आधी मातीला विचारून मग सांगावे, एवढेच माझे म्हणणे. माझ्या आजोबांनी टर्झागी वाचला नव्हता. पण बांध एकदा घातला म्हणजे काम संपले, असे त्यांनी कधीच मानले नाही.