सेवेची वाटणी

स्मृतिभ्रंशानें ग्रासलेल्या वडीलधाऱ्यांचा विषय निघाला कीं, आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून एक वाक्य हमखास ऐकूं येतें: ‘आमच्याकडे सगळें सूनच पाहते, फार सेवाभावी आहे हो!’ या स्तुतीइतकी स्वस्त वस्तु दुसरी नाहीं. आणि अन्याय झांकण्यास तिच्याइतकें सोयीचें पांघरूणहि दुसरें नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा व्याधि आतां विरळा राहिलेला नाहीं. एका देशव्यापी पाहणीवरून २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणें, भारतांत साठ वर्षें व त्यावरील वयाचीं सुमारें ८८ लाख माणसें, म्हणजे शेंकडा ७.४, त्यानें पीडित आहेत. तोच प्रश्न शंभरदां ऐकणें, दागिने चोरल्याचा आळ सोसणें, तिन्हीसांजेस वाढणारी घालमेल शमविणें, आणि मध्यरात्रीं कडी वाजली कीं धांवणें, हें सारें एकाच जिवानें वर्षानुवर्षें करावें, ही अपेक्षाच अमानुष होय.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहा. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासंबंधींच्या २००७ च्या कायद्यानें अन्नवस्त्र, निवारा व औषधोपचार यांची जबाबदारी मुलांवर टाकली. त्या ‘मुलां’च्या व्याख्येंत मुलगा, मुलगी, नातू व नात यांचीं नांवें आहेत, सुनेचें नाहीं. जिला कायद्यानें वगळलें तिच्यावर रूढीनें सर्व भार घातला. आणि ज्यांस कायद्यानें बांधलें ते दिवाळीस येऊन पायां पडून जातात!

यावर कोणी म्हणतील कीं, सेवेचा हिशेब मांडल्यानें मायेचा ओलावा आटतो. आम्ही विचारतों, वाटणीपत्रांत विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लिहितांना हा ओलावा कोठें गेलेला असतो? आमराईंतील झाडें मोजून घेणाऱ्या भावांनीं बापाच्या उशाशीं जागावयाच्या रात्री मात्र मोजूं नयेत, हा कोणता धर्म?

शिवाय हा वाद केवळ सुनेच्या सुखाचा नव्हे. रुग्णास नांवें आठवत नसलीं तरी आवाजांतला त्रागा त्यास कळतो. आणि झोंपेवांचून झिजलेल्या माणसाचा आवाज गोड राहावा कसा?

म्हणून निदान होतांच सर्व भावंडांनीं एकत्र बसून खर्च, रात्रींच्या पाळ्या व शुश्रूषा करणारीची हक्काची सुट्टी हीं कागदावर उतरवावीं. जो परगांवीं असेल त्यानें पगारी मदतनिसाचा भार उचलावा. आणि वर्षांतून कांहीं आठवडे स्वतः येऊन त्या उशाशीं बसावें. तोंवर ‘सेवाभावी’ हें विशेषण त्यानें जरा जपूनच वापरावें.