अणदूरची अक्षरे किती? काही ओळींच्या दुरुस्तीचा इतिहास

१/ धाराशिव जिल्ह्यातील अणदूर या गावाच्या नावात अक्षरे किती? शाळेतले मूलही सांगेल, चार : अ, ण, दू, र. ‘व्हिम’ या टेक्स्ट एडिटरला हाच प्रश्न विचारला, तर मात्र १५, ५ आणि ४ अशी तीन उत्तरे मिळू शकतात. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

२/ व्हिम हा ब्राम मोलेनार या डच प्रोग्रॅमरने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला एडिटर. त्यातील ‘स्ट्रलेन’ हे अंगभूत फंक्शन शब्दाची लांबी बाइटमध्ये मोजते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. अ, ण, द, दीर्घ ऊकार आणि र ही चिन्हे ५. म्हणून उत्तर १५. साध्या इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो. त्यामुळे इंग्रजीपुरते पाहणाऱ्यास हा भेद जाणवतच नसे.

३/ अक्षरे मोजण्यासाठी वेगळे फंक्शन नव्हते, तेव्हा मदतपुस्तिकेत एक युक्ती दिलेली असे : प्रत्येक अक्षराच्या जागी ‘एक्स’ घालावा आणि मग लांबी मोजावी. उपाय ओबडधोबड होता. पण उणीव लपवलेली नव्हती.

४/ २०१० च्या ७.३ आवृत्तीत ‘स्ट्रकॅर्स’ आले. ते काना-मात्रा-उकार वेगळे मोजते, उत्तर ५. ती चिन्हे वगळण्याची सोय २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये त्यासाठी ‘स्ट्रकॅरलेन’ हे स्वतंत्र फंक्शन मिळाले, उत्तर ४. अणदूरच्या मुलाचे उत्तर यंत्राला जमले ते असे, टप्प्याटप्प्याने.

५/ या साऱ्या काळात ‘स्ट्रलेन’चा अर्थ बदलला नाही, आणि ते योग्यच झाले. बाइटवर विसंबून लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्ट त्या बदलाने मोडल्या असत्या. मग कोणते फंक्शन काय मोजते हे नव्या माणसाला कळावे कसे? मदतपुस्तिकेतील दोन-चार नेमक्या वाक्यांवरूनच. तिथला एक चुकीचा शब्द चुकीच्या फंक्शनइतकाच महाग पडतो.

६/ लेखी शब्दाचे हे मोल अणदूरला नवे नाही. अणदूर आणि शेजारचे नळदुर्ग येथील खंडोबाची मंदिरे दोन, मूर्ती एक. देव सुमारे सव्वादहा महिने अणदूरला, तर पावणेदोन महिने नळदुर्गला असतो. देव नेण्या-आणण्याचा लेखी करार दोन्ही गावच्या मानकऱ्यांत होतो. श्रद्धा कितीही दृढ असली, तरी केव्हा आणि कसे हे कागदावर असलेले बरे, हा त्यामागचा व्यवहार.

७/ ‘मदतपुस्तिकेतील दुरुस्ती हा काय इतिहास?’ असा आक्षेप येईल. पण मोडी कागद वाचणाऱ्याला ठाऊक असते की एका अक्षराच्या वाचनाने गावाचे नाव बदलते. जुन्या कागदाच्या बाबतीत जो काटेकोरपणा विद्वत्ता ठरतो, तोच आजच्या कागदाच्या बाबतीत किरकोळ कसा?

८/ शिवाय काम संपलेले नाही. हाच प्रयोग ‘नळदुर्ग’वर करावा. वाचकाला अक्षरे चार दिसतात : न, ळ, दु, र्ग. ‘स्ट्रकॅरलेन’च्या नियमाने मात्र पाच होतात, कारण हलन्त र आणि ग हे जोडाक्षर त्याला दोन भिन्न अक्षरे वाटतात. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम खुद्द युनिकोडच्या मूळ शब्दखंडन-प्रमाणकात आला तो १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये.

९/ मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी निवर्तले. पुढे ख्रिश्चन ब्राबांट यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांनी काम चालू ठेवले आणि जानेवारी २०२४ मध्ये ९.१ ही आवृत्ती मोलेनार यांच्या स्मृतीस अर्पण झाली. फंक्शनमधील बारीक दुरुस्त्या आणि मदतपुस्तिकेतील सुधारणा आजही चालू आहेत. त्या कोणालाही सुचवता येतात.

१०/ मराठीच्या भवितव्याची चिंता व्यासपीठांवर पुष्कळ होते. यंत्रातली मराठी मात्र अशा अनाम, एकेका ओळीच्या दुरुस्त्यांनी सुधारत आली आहे. ‘र्ग’ हे एक अक्षर आहे, हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्यानेच ते लिहून कळवणे सर्वांत सोपे आहे. नळदुर्गची अक्षरे अजून पाच मोजली जातात. ती चार करण्याचे काम मराठी वाचकाचे आहे.