रफू की ठिगळ? जुनी लूना आणि आपला कारागीर

कापडाच्या धंद्यात फाटक्या वस्त्रावर दोन प्रकारचे काम होते. एक रफू आणि दुसरे ठिगळ. रफूगर त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढतो, ताणा-बाणा जुळवतो आणि फाटलेली जागा अशी भरतो की बोट फिरवूनही कळू नये. ठिगळ लावणारा हाताला येईल तो तुकडा घेऊन चार बाजूंनी टाके मारतो. सुई-धागा दोघांनीही वापरला, भोक दोघांनीही बुजवले; पण दोघांची मजुरी सारखी नसते आणि नसावीही. हा फरक कापडबाजारातल्या नवख्या पोऱ्यालाही समजतो. गाडीच्या कामात मात्र आपण तो मानत नाही. त्याचा तोटा आपल्याच गॅरेजवाल्यांना, पेंटरला, निकेलवाल्याला आणि सीट शिवणाऱ्याला सोसावा लागतो.

हा विषय काढण्याचे कारण जुनी लूना. हौशी लोक आता गावोगाव जुनी लूना शोधतात, ती पूर्वीसारखी करून घेतात आणि जपून ठेवतात. नगरच्या माणसाला या गाडीची ओळख करून देण्याची गरज नाही. ह. कि. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली याच शहरात लूना बनवायला सुरुवात केली. इटलीच्या पियाज्यो कंपनीची ‘चाओ’ नावाची मोपेड हा तिचा नमुना. पन्नास सीसीचे दोन स्ट्रोकचे इंजिन, गिअर नाही, पायडल मारून सुरू होणार आणि पेट्रोल संपले तर सायकलसारखी रेटत घरी आणता येणार. दूधवाला, मास्तर, पोस्टमन, आठवडे बाजार करणारा कपड्यांचा फेरीवाला, या सगळ्यांना परवडलेले पहिले इंजिन ते हेच. कॅरिअरवर कापडाचा गठ्ठा बांधून लूनावर किती दुकाने उभी राहिली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पुढे काळ बदलला. स्कूटर आणि चार स्ट्रोकच्या मोटारसायकली आल्या, लूना मागे पडली आणि २००८ साली कायनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनने विजेवर चालणारी ई-लूना बाजारात आणली. नाव तेच राहिले, पण पेट्रोलच्या जुन्या लूनाचे सुटे भाग त्यामुळे कंपनीतून पुन्हा येऊ लागलेले नाहीत. जुनी गाडी उभी करायची तर ती कारागिराच्या हातानेच उभी राहते.

आता हे काम काय आहे ते पाहू. मी कापडवाला माणूस, इंजिनाची गोष्ट मिस्त्रींकडून ऐकूनच सांगतो. पंधरा-वीस वर्षे गोठ्यात पडलेल्या लूनाच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून राळेसारखे चिकटलेले असते, त्याने जेट बंद होतो. टाकी आतून गंजते. तो गंज काढल्याशिवाय पेट्रोल भरले तर सगळा कचरा पुन्हा कार्बोरेटरमध्ये उतरतो. दोन स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील कडक झाले की बाहेरची हवा आत शिरते आणि इंजिन नुसते तापते. सिलिंडर घासला असेल तर लेथवर बोअरिंग करून एक माप मोठा पिस्टन बसवावा लागतो. मॅग्नेटचे पॉइंट घासून त्यांची फट नेमकी ठेवावी लागते. सायलेन्सरमध्ये साठलेला कार्बन काढावा लागतो. त्यानंतर पत्र्याचे काम, रंग, आणि हँडल-रिमचे निकेल. निकेलचे तर असे की आधी पॉलिश, मग तांब्याचा थर, मग निकेल, मग क्रोम. पॉलिशमध्ये घाई केली की वरची चमक चार पावसाळे टिकत नाही.

यात आता एक नवी अडचण आली आहे. २०२५ पासून देशभर पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, तेव्हा इथेनॉलशी आपले वैर नाही. पण जुन्या गाडीतले रबराचे पाइप, वायसर आणि सील इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात किंवा चिरतात. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीत पुन्हा गंज धरतो. जाणता मिस्त्री पाइप आणि सील बदलताना हे ध्यानात ठेवतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो की गाडी दीर्घकाळ उभी करायची असेल तर टाकी रिकामी कर. हे सांगणे म्हणजेच हुनर. आपण मात्र त्याची किंमत शून्य धरतो.

कारण आपल्याला सवय पंक्चर काढण्याच्या हिशेबाची आहे. ‘दिवसभर काय केले? नुसती साफसफाई!’ असे म्हणून मजुरी पाडली जाते. पेंटरला रंगाच्या डब्याचे पैसे मिळतात, पण सात वेळा पाणपेपर घासल्याचे मिळत नाहीत. उस्तादाच्या हाताखाली शिकलेला मुलगा मग पार्सल पोहोचवण्याच्या नोकरीला जातो. त्याला दोष कसा द्यावा? तिथे निदान आठवड्याला हिशेब होतो. उस्ताद थकला की त्याच्यासोबत विद्याही जाईल, आणि मग लूना असो की राजदूत, येझदी असो की चेतक, फक्त ठिगळेच उरतील.

यावर उपाय सरकारकडून येईल अशी वाट पाहू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. त्यात लोहार आहे, शिंपी आहे, कुलूप बनवणारा आहे; पण मोटार मेकॅनिक, निकेलवाला आणि गाडीचा पेंटर त्यात नाहीत. त्यांच्यासाठी उद्यम नोंदणीचा मार्ग खुला आहे. ती आधार कार्डावर होते आणि मोफत होते. एवढा एक कागद हातात असला तर गॅरेज हा धंदा म्हणून उभा राहतो, नाहीतर ते रस्त्याकडेचे काम म्हणूनच राहते.

मात्र माझे खरे सांगणे कारागीर आणि गिऱ्हाईक या दोघांना आहे, आणि ते तीन बाबींचे आहे.

पहिली बाब लिखापढीची. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, असा स्पष्ट आदेश कुरआनच्या सूरह बकरामध्ये आहे. तरी आपल्याकडे महिनाभराचे काम तोंडी ठरते आणि शेवटी भांडणावर जाते. गाडी उघडण्यापूर्वी एका कागदावर लिहावे: इंजिनाचे काम इतके, पत्रा-रंग इतका, निकेल इतके, सुटे भाग गिऱ्हाईक आणणार की मिस्त्री. इंजिन उघडल्यावर नवा दोष निघाला तर तो दाखवून त्याच कागदावर वाढवावा. आगाऊ रक्कम घ्यावी आणि पावती द्यावी. गिऱ्हाइकाने अर्धे पैसे आधी देण्यात कमीपणा मानू नये. आम्ही मिलवाल्याला देतोच की!

दुसरी बाब ऐब सांगण्याची. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा सवाल त्यांनी केला. जुन्या गाडीच्या बाजारात हाच सवाल आज आपल्याला आहे. बाहेरून चमकणारी लूना ‘सगळी ओरिजनल’ म्हणून विकली जाते. आत पिस्टन दुसऱ्याच गाडीचा, सायलेन्सर नकली, आणि गंजलेल्या पत्र्यावर लांबीचा थर देऊन रंग मारलेला. नकली भाग बसवणे हे पाप नाही, अस्सल मिळत नाही म्हणून तो बसवावाच लागतो. पण तो कुठे बसवला हे लिहून द्यावे. जो मिस्त्री आपल्या कामाची अशी यादी देईल त्याच्या गाडीला चार पैसे जास्त मिळतील, कारण शहरातला जाणकार गिऱ्हाईक भरवशाचे पैसे मोजतो.

तिसरी बाब कागदपत्रांची. येथे फार लोक फसतात. भंगारात स्वस्त मिळाली म्हणून कागदाविना गाडी घेऊ नये. ती चोरीची असेल तर पैसे गेलेच, वर पोलीस ठाण्याची पायरी. चॅसिस आणि इंजिन नंबरवर पॉलिशची चकती कधीही चालवू नये. त्या दोन ओळी मिटल्या की मेहनतीने उभी केलेली गाडी कायद्याच्या दृष्टीने लोखंडच उरते. पेंटरनेही त्या जागी लांबी भरू नये.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली खासगी दुचाकी त्यात बसते. म्हणजे १९७२ ची लूना २०२२ मध्येच या मानास पात्र झाली. पण नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि पुनर्नोंदणीला पाच हजार रुपये फी आहे, नोंदणी दहा वर्षे टिकते, आणि ‘व्हीए’ अक्षरांची ती गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणून ज्याला गाडी चालवायची आहे त्याने या मानाच्या मागे लागू नये. साध्या नोंदणीचे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण करून घ्यावे. वीस वर्षांवरील दुचाकीसाठी ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी दोन हजार रुपये आहे. पर्यावरण कर आणि नव्या नंबरप्लेटचा खर्च वेगळा धरावा. इंजिनाला हात लावण्याआधी हा हिशेब करावा. नंतर केला तर उपयोग नाही.

काही बंधू म्हणतील की हा सगळा इस्राफ आहे, जुन्या लोखंडावर कशाला पैसा घालायचा? प्रश्न रास्त आहे. केवळ मिरवण्यासाठी कर्ज काढून गाडी सजवणे हा इस्राफच आहे, आणि मी त्याची वकिली करत नाही. पण भंगारात जाणारी वस्तू पुन्हा कामाला लावणे आणि त्या निमित्ताने चार कारागिरांच्या घरी हलाल रोजी पोहोचणे, याला उधळपट्टी म्हणता येत नाही. दुसरे काही म्हणतील की लूनावर कोणाचे पोट भरणार? एकट्या लूनावर नाही भरणार. पण जो हात लूनाला अस्सल करू शकतो तो कोणत्याही जुन्या गाडीला करू शकतो, आणि जुन्या गाड्या या देशात कमी नाहीत.

आपल्या शहराला जुन्या यंत्राची किंमत ठाऊक नाही असेही नाही. १९९४ पासून येथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स-रॉइसची चिलखती गाडी बघायला दूरदूरचे लोक येतात. फौजेने आपले जुने लोखंड जपले, कारण त्यात तिला आपला इतिहास दिसला. लूनामध्ये नगरच्या कामगाराचा, फेरीवाल्याचा आणि मिस्त्रीचा इतिहास आहे. तो जपायला संग्रहालय लागत नाही. गॅरेजमध्ये एक शागिर्द, भिंतीवर दरपत्रक आणि गल्ल्यात पावतीपुस्तक एवढे पुरे.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, पुढच्या वेळी मिस्त्रीपुढे मजुरी पाडण्याआधी स्वतःला एकच विचारा: मला रफू हवा आहे की ठिगळ? रफू हवा असेल तर रफूचे दाम द्या. आणि कारागीर बंधूंनो, रफूचे दाम घेतले तर काम रफूचेच द्या. दोघांनी एवढी अमानत सांभाळली तर इन्शाअल्लाह या धंद्यात बरकत येईल, आणि आज पार्सलाच्या पिशव्या वाहणारा पोरगा पुन्हा उस्तादाच्या शेजारी येऊन बसेल.