अडलेला ड्रम

विसरवाडी सोडून धुळ्याच्या वाटेला लागले की कोंडाईबारीचा घाट येतो. आमची गाडी ज्या गॅरेजपाशी रुसून बसली, ते या घाटाच्या अलीकडेच होते. गॅरेज म्हणजे कडुलिंबाची सावली आणि चार पत्रे! तिथे एक म्हातारी मालमोटार जॅकवर चढलेली होती. मालक शेजारी येरझाऱ्या घालीत होते. नंदुरबारला पथाऱ्यांवर मिरची लाल होऊन पडलेली, भाडे ठरलेले, आणि मागच्या चाकाचा ब्रेकचा ड्रम काही केल्या निघेना. सारा पावसाळा गाडी हँडब्रेक ओढून उभी होती. लायनर गंजाने ड्रमला चिकटून बसले होते.

"हाण की घण!" मालक म्हणाले.

"बीड आहे शेठ, फुटेल," मिस्त्री शांतपणे म्हणाले. पुढच्या चाकांना त्यांनी आधीच दगड लावले होते. आसाखाली लाकडी ठोकळे रचले होते, कारण जॅकवर भरवसा ठेवणारा मिस्त्री फार दिवस मिस्त्री राहत नाही. मग हँडब्रेक सोडला, अ‍ॅडजस्टर उलटा फिरवून शू आत घेतले, ड्रम आणि हबच्या सांध्यात रॉकेल सोडले आणि स्वारी चक्क चहा प्यायला बसली! मालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

चहानंतर लाकडाचा तुकडा मध्ये धरून ड्रमवर सभोवती ठोके. एकाच जागी नव्हे बरे का, फिरत फिरत. ड्रमला आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत बोल्ट घालून एक आटा इकडे, एक आटा तिकडे, असे ते पिळत गेले. एक बोल्ट पुढे पळाला तर ड्रम तिरका अडकतो. अखेर "कट्" असा आवाज झाला आणि ड्रम हातात आला.

हाताखालचा पोरगा आतली धूळ फुंकायला वाकला, तोच मिस्त्रींनी त्याची कॉलर धरली. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. ती धूळ छातीत गेली की वर्षानुवर्षांनी जिवावर उठते. ओल्या फडक्याने पुसून घेतली.

आत पाहिले तर लायनर रिव्हेटांपर्यंत झिजलेले, ड्रमवर उष्णतेच्या चिरा, त्यांतली एक पार काठापर्यंत गेलेली.

"दिवाळीपुरता चालवू," मालक हळूच म्हणाले.

"येताना भरल्या गाडीने घाट उतरायचा आहे, शेठ. मी बसवणार नाही. दुसरीकडे न्या."

मालक रागाने उठले, रस्त्यापर्यंत गेले. तिथे बराच वेळ घाटाकडे पाहत उभे राहिले. ड्रायव्हर त्यांचा सख्खा भाचा होता, हे मला मागाहून कळले. परत येऊन त्यांनी नव्या ड्रमची किंमत विचारली.

"लायनर मात्र दोन्ही चाकांचे बदलू," मिस्त्री म्हणाले, "नाहीतर गाडी एका अंगाला ओढेल."

मालकांनी कपाळावर हात मारला आणि भाडे दुसऱ्या गाडीला द्यायला फोन काढला.