नाथ पै यांचे विधेयक आणि आपला खासदार

सत्तेत नसलेल्या छोट्या पक्षाचा खासदार निवडून देऊन काय उपयोग, असा सवाल लांज्यात दर निवडणुकीला ऐकू येतो. त्याचे उत्तर याच मुलखाने देऊन ठेवले आहे. देशभर काँग्रेसचा जोर असताना राजापूर लोकसभा मतदारसंघाने प्रजा समाजवादी पक्षाच्या बॅ. नाथ पै यांना १९५७, १९६२ आणि १९६७ असे लागोपाठ तीनदा दिल्लीला पाठवले.

वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेले पै बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेले, पुढे लंडनला बॅरिस्टर झाले. कायद्याचे हे ज्ञान त्यांनी लोकसभेच्या कामी लावले. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने, मूलभूत हक्कांचा संकोच करण्याचा अधिकार संसदेला नाही, असा निकाल दिला. त्यावर घटनादुरुस्तीचा पूर्ण अधिकार संसदेकडेच राहावा, यासाठी पै यांनी खासगी विधेयक आणले. त्यांच्या पक्षाचे खासदार होते अवघे तेरा. तरीही विधेयक संयुक्त समितीपर्यंत गेले आणि त्यावर देशभर खल झाला. लोकसभा विसर्जित झाल्याने ते बारगळले. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात पै यांचे निधन झाले, तेव्हा ते केवळ ४८ वर्षांचे होते. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती करून हाच अधिकार संसदेला दिला.

या अधिकारात धोकाही होता. पुढे आणीबाणीत तो दिसलाच. त्याआधीच केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली न्यायालयाने घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादा घातली होती, हे योग्यच झाले. पण हा प्रश्न संसदेच्या पटलावर आणण्याची धमक विरोधी बाकावरच्या एका कोकणी वकिलाने दाखवली, हे विसरता येणार नाही.

आज खासगी विधेयकांच्या वाट्याला शुक्रवारचे अडीच तास येतात आणि तेही गोंधळात वाहून जातात. असे विधेयक शेवटचे कायद्यात उतरले ते १९७० साली. हे चित्र पालटायचे तर हा वेळ राखून ठेवला पाहिजे आणि विधेयके मतदानापर्यंत नेली पाहिजेत. मतदारांनीही रस्ते-गटारांच्या हिशेबाबरोबर खासदाराला खडसावून विचारावे: पाच वर्षांत कोणते विधेयक मांडलेत, कोणत्या कलमाला दुरुस्ती सुचवलीत? पक्ष कोणताही असो, उत्तर देता येत नसेल तर मत मागण्याचा हक्क उरत नाही.