कट मारला, मग पुढे काय?

खानदेशातलं कुठलंही स्थानिक वर्तमानपत्र उघडा. आतल्या पानावर एक ठरलेला मथळा असतो. 'कट मारल्याच्या कारणावरून मारहाण'. कधी मारहाणीच्या जागी 'चाकूहल्ला' असतो, कधी 'दोन गटांत दगडफेक'. 'कट मारल्याच्या कारणावरून' हे शब्द मात्र बदलत नाहीत. मला तर वाटतं छापखान्यात ते जुळवून तयारच ठेवत असावेत. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, एका गाडीने दुसरीच्या अगदी जवळून, घासल्यासारखं जाणं म्हणजे कट मारणं. गाडीला ओरखडाही येत नाही. जे काही खरचटतं ते आत बसलेल्याला.

हसण्यावारी नेऊ नका. ३१ डिसेंबर २०२४ च्या रात्री जळगाव-धुळे रस्त्यावरच्या पाळधी गावात एका गाडीच्या हॉर्नवरून वाद झाल्याच्या बातम्या आल्या. त्याचं पर्यवसान दगडफेक, जाळपोळ आणि दुकानं खाक होण्यात झालं. नवीन वर्षाची सकाळ त्या गावाने संचारबंदीत काढली. कोण बरोबर, कोण चूक हा इथे विषय नाही, ते पोलीस आणि कोर्ट बघतील. मला फक्त एवढंच दाखवायचंय, की आपल्याकडे हॉर्नपासून संचारबंदीपर्यंतचं अंतर एका रात्रीत कापलं जातं.

तर या विषयावर आमच्या घरात, म्हणजे जळगाव आणि धुळे अशा दोन्ही शाखांमध्ये, दोन पक्ष आहेत. एका पक्षात मी एकटा. दुसऱ्यात बाकी सगळे. :) त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "आपण आपल्या बाजूने नीट चाललोय, समोरचा मुजोरी करतो, तर आपण का म्हणून दबायचं? एकदा दबलं की तो दुसऱ्यालाही दाबतो." धुळ्याचे एक काका तर म्हणतात, "साईड देणारा माणूस घरीबी बायकोलाच घाबरत असंल." यावर सगळे हसतात, आणि त्या हसण्यात मूळ मुद्दा वाहून जातो. म्हणून आज इथे सविस्तर लिहितोय. इथे मध्येच कोणी हसून मला थांबवू शकत नाही.

'डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग' हा शब्दच आपल्याकडे बदनाम झालाय. बचाव म्हटलं की आपल्याला पळपुटेपणा आठवतो. खरं तर हा शब्द अमेरिकेतल्या नॅशनल सेफ्टी काउन्सिलने १९६४ साली सुरू केलेल्या अभ्यासक्रमामुळे जगभर झाला. त्यात हळू चालवा असं नाही, सावकाश रांगत जा असंही नाही. समोरचा चूक करणारच आहे असं धरून चालवा, आणि त्याने चूक केली तरी आपल्याला निसटायला जागा शिल्लक ठेवा, एवढंच आहे. हे भित्र्या माणसाचं काम नाही. भित्रा माणूस फक्त पुढच्या बंपरकडे बघतो. असं चालवणाऱ्याला पुढच्याच्या पुढची गाडी, मागची गाडी, डावीकडची साइडपट्टी आणि ऊस नाहीतर कापूस भरलेल्या ट्रॉलीच्या मागे दिवा आहे की नाही, हे सगळं एकाच वेळी बघावं लागतं.

आता थोडं गणित. जळगाव ते धुळे साधारण ९० किलोमीटर. ताशी ८० ने गेलात तर ६८ मिनिटं, ताशी १०० ने गेलात तर ५४. म्हणजे सगळा जीव धोक्यात घालून कमाई चौदा मिनिटांची, तीही कागदावर. एरंडोल, पारोळ्याची गर्दी, ट्रॅक्टर आणि रॉंग साईडने येणाऱ्या मोटारसायकली धरल्या तर प्रत्यक्षात सात-आठ मिनिटं सुटतात. धुळ्याला पोचल्यावर आपण ती पाय धुण्यात आणि "प्रवास कसा झाला?" याचं उत्तर देण्यात घालवतो.

ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तुमच्या डोळ्यांनी धोका पाहिला आणि पाय ब्रेकवर गेला, यात एक-दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी ३० मीटर पुढे. म्हणून तीन सेकंदांचं अंतर ठेवा म्हणतात. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी पोचली की एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन असं मोजायचं. तोपर्यंत आपण त्या झाडापाशी पोचता कामा नये. तीन सेकंद म्हणजे या वेगाला ६६ मीटर, एकामागोमाग उभ्या केलेल्या सहा एस.टी. बस समजा. एवढी जागा सोडली की मध्ये कोणीतरी घुसतोच, हा आमच्या दुसऱ्या पक्षाचा लाडका आक्षेप. घुसू द्या की! तो घुसला की तुम्ही पुन्हा थोडे मागे व्हा. जळगावपासून धुळ्यापर्यंत वीस गाड्या घुसल्या तरी प्रत्येक वेळी तीन सेकंद, म्हणजे पुरता एक मिनिट. एका मिनिटासाठी कोणी महाभारत करतं का?

केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालात देशभरातले रस्ते अपघाताचे मृत्यू १,६८,४९१ आहेत. आणि अपघातांच्या प्रकारांत सगळ्यात मोठा वाटा मागून धडकण्याचा, २१.४ टक्के. म्हणजे अंतर न ठेवण्याचा. दर पाचातला एक अपघात.

आता मुजोर गाडीवाल्याचं काय करायचं ते सांगतो. मागून कोणी अगदी चिकटून डिपर मारत आला, की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया असतात. एक, आपणही वेग वाढवायचा. दुसरी, त्याला 'शिकवण्यासाठी' ब्रेक टोचायचा. पहिली तर कायद्यानेच मना आहे. कोणी ओव्हरटेक करत असताना वेग वाढवायचा नाही, त्याला अडवायचं नाही, असा स्पष्ट नियम १९८९ च्या रस्ता नियमांतही होता. माझ्या ओळखीतल्या एकालाही तो ठाऊक नव्हता. लायसन्स मात्र सगळ्यांकडे आहे. आणि दुसरी प्रतिक्रिया म्हणजे निव्वळ वेडेपणा. मागे गिरणेच्या वाळूने भरलेला डंपर असेल तर शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण? इंडिकेटर द्यायचा, हळूच डावीकडे व्हायचं, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा, जाऊ द्यायचं. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. नजरेला नजर भिडली की निम्मं भांडण तिथेच झालेलं असतं.

आणि तो पुढे जाऊन आडवा थांबला तर? खाली उतरायचं नाही. या एका वाक्यासाठी मी वाटलं तर सबंध लेख खोडायला तयार आहे. काचा वर, दारं लॉक. जागा असेल तर सरळ पुढे निघायचं. घरी नाही जायचं, पुढच्या पेट्रोल पंपावर किंवा पोलीस ठाण्यात जायचं, नाहीतर ११२ ला फोन करायचा. वर म्हटलेल्या त्या मथळ्याखालची बातमी वाचून बघा. बहुतेक वेळा त्यात कुठेतरी 'जाब विचारला असता' असे शब्द सापडतील. जाब विचारायला माणूस गाडीतून उतरलेला असतो.

आमचे एक मामा एस.टी.त ड्रायव्हर होते. एस.टी. महामंडळात पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा केलेल्या चालकांचा सत्कार करतात, मामा त्यांतले. लालपरीच्या ड्रायव्हरांबद्दल लोक काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यातलं सगळंच खोटं आहे असंही नाही. पण पंचवीस वर्षं, रोज दोन-अडीचशे किलोमीटर, मागे पन्नास माणसं, आणि एकही अपघात नाही, याला काय म्हणायचं? नशीब? मामांना विचारलं तर ते फार काही सांगत नाहीत. "जो घाईत शे, त्याले जाऊ द्यावं. हायू चालनार्‍याले कोनी मारत नही." (आमच्याकडे ळ चा य होतो, हायू म्हणजे हळू.) मामांना दिवसातून किती जणांनी कट मारला असेल? एकाला जरी उत्तर द्यायला गेले असते तर तो सत्कार झाला नसता. या माणसाला भित्रा म्हणायची आमच्या धुळ्याच्या काकांचीही टाप नाही. मामा त्यांचे थोरले साडू लागतात.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सगळी जबाबदारी सोसणाऱ्यावरच टाकली की! हा आक्षेप खरा आहे, आणि तो मला कुठल्याही टिंगलीपेक्षा जास्त टोचतो. ७ मे २०२४ ला जळगाव-पाचोरा रस्त्यावर रामदेववाडीजवळ एका भरधाव कारने इलेक्ट्रिक दुचाकीला उडवलं. दुचाकीवर एक आशा सेविका होत्या, त्यांची दोन मुलं आणि भाचा होता. चौघेही गेले. दोन गाड्यांची शर्यत लागली होती असा आरोप झाला. त्या बाईंनी काय करायला हवं होतं? तीन सेकंद मोजायचे होते? आरसा बघायचा होता? तसंच ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरला. मुंबई-आग्रा महामार्गावर घाट उतरून आलेला कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला, ब्रेक निकामी झाल्याचं सांगितलं गेलं. किमान दहा माणसं गेली. त्यातले काही तर रस्त्यावर चालवतही नव्हते, नुसते थांबलेले होते.

म्हणून माझं म्हणणं मी जरा उलटं करून सांगतो. डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा सल्ला आपण नेहमी दुचाकीवाल्याला, सायकलवाल्याला, पायी चालणाऱ्याला देतो. "जपून जा रे बाबा." खरं तर ज्याची गाडी जेवढी जड, तेवढी त्याच्यावर जास्त सक्ती हवी. २०२२ च्या मृतांत दुचाकीवाले ४४.५ टक्के होते. एअरबॅगवाल्या गाडीत एसी लावून बसलेल्या माणसाला "मी का दबू?" हा प्रश्न परवडतो, कारण चुकलं तर बहुतेक वेळा मरणारा दुसराच असतो. सगळा मान-अपमान त्या काचेच्या आत आहे. बाहेर बैलगाडी हाकणाऱ्याला, शाळेतून सायकलवर येणाऱ्या पोरीला कट मारला तर ती काही मथळ्यात येत नाही. ती खड्ड्यात जाते, उठते, कपडे झटकते आणि घरी काही सांगतसुद्धा नाही. आपण दबायचं आहे ते मुजोरासमोर नाही, तिच्यासाठी. डिपर मारणाऱ्या थारवाल्याला वाट देताना तुमचा अपमान होत असेल तर होऊ द्या. आपण थारला थार होऊन भिडलो, की त्या दोघांच्या मधल्या जागेत कोण सापडतं ते रामदेववाडीला विचारा.

रस्त्यांचा दोष नाही का? आहे ना. फागणे ते तरसोद या ८७ किलोमीटरच्या चौपदरीकरणाने आमची किती वर्षं खाल्ली ते या भागातल्या प्रत्येकाला माहीत आहे. जळगाव शहरातून जाणाऱ्या महामार्गाला समांतर रस्ते हवेत म्हणून लोकांना आंदोलनं करावी लागली, आणि तोवर त्या रस्त्याने बळी घेतलेच. कंत्राटदारांवर आणि पुढाऱ्यांवर एक वेगळा लेख लिहिता येईल (लिहीनही). पण रस्ता चांगला झाला की लोक शहाणे होतात हे मात्र मला पटत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर ताशी ४० ने मारलेला कट चौपदरी रस्त्यावर ताशी १०० ने मारला जातो, एवढाच फरक.

असो. हे सगळं आत्ताच लिहायचं कारण लग्नसराई. वऱ्हाडाच्या गाड्यांइतका वाईट प्रकार मी दुसरा पाहिला नाही. एकामागोमाग सहा-सात गाड्या, चुकामूक नको म्हणून एकमेकींना चिकटलेल्या. पहिलीने ओव्हरटेक केला की उरलेल्या सगळ्यांनी डोळे मिटून केलाच पाहिजे. साध्या दुपदरी रस्त्यावर समोरून ८० ने येणारी गाडी आणि आपण ८० ने जाणारे, म्हणजे दर सेकंदाला ४४ मीटर जवळ येतोय. ओव्हरटेकला आठ सेकंद लागले तर साडेतीनशे मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. पहिल्या गाडीला तो दिसतो. सातव्या गाडीला सहाव्या गाडीवरची फुलं दिसतात.

येत्या महिन्यात आपल्याकडचं लग्न धुळ्याला आहे. जळगावहून पाच गाड्या निघतील. मी नवरदेवाच्या वडलांशी बोललोय, आधी हसले, मग मामांनी सांगितल्यावर ऐकलं. गाड्या दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सुटतील, प्रत्येक ड्रायव्हरला पत्ता आणि नकाशा मोबाइलवर दिलेला असेल, कोणी कोणाच्या मागे लागायचं नाही. नवरदेवाची गाडी मामा चालवतील. मुहूर्त अकराचा आहे, पण पत्रिकेत हळदीची वेळ आम्ही मुद्दाम तासभर अलीकडची छापली आहे. पारोळ्याला सगळ्यांनी चहाला थांबायचं. जो आधी पोचेल त्याने बाकीच्यांसाठी चहा सांगून ठेवावा, आणि काकांना फोन करून "कुठपर्यंत आलात?" असं विचारू नये. ते गाडी चालवताना फोन उचलतात.